दुर्मीळ पक्षी दिसल्याची बातमी आली, आता पुढे?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर साधारण एकच असतो: शहराजवळ काहीतरी वेगळं दिसल्याचं कळतं, धावत जावं तर पक्षी नसतो. त्यातले काही प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरं पुणे आणि मुंबईचा परिसर धरून दिली आहेत.

पुण्याजवळच्या कवडीला नदीवर वेगळं बदक दिसल्याची सूचना शनिवारी रात्री ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून मिळाली. रविवारी नऊला पोचलो, अकरापर्यंत थांबलो, काही मिळालं नाही. त्याच सकाळी दुसऱ्यांना मात्र दिसलं. आमचं काय चुकतंय? (एक वाचक, हडपसर)

वेळ चुकली. नऊ ही कवडीला पोचायची नव्हे, तिथलं काम उरकत आलेलं असण्याची वेळ आहे. पण त्याआधीचं एक काम रात्रीच करायचं असतं, ते म्हणजे नोंद नीट वाचणं.

सूचनेसोबत नकाशावर जी खूण येते ती बहुतेकदा त्या ठिकाणाच्या सार्वजनिक हॉटस्पॉटची, म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेल्या एका बिंदूची असते. पक्षी नेमका तिथेच होता असा त्याचा अर्थ नाही. यादी चालत केलेली असेल आणि अंतर तीन किलोमीटर लिहिलेलं असेल, तर पक्षी त्या तीन किलोमीटरांत कुठेही असू शकतो. म्हणून मूळ यादी उघडा. पक्ष्याच्या नावाखाली निरीक्षकाने काही लिहिलंय का बघा. "बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, चक्रवाकांसोबत" एवढं मिळालं तरी अर्धं काम झालं. यादी किती वाजता सुरू झाली ते बघा. मग त्याच ठिकाणच्या नंतरच्या याद्या चाळा. ज्या पूर्ण यादीत, म्हणजे दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिलेल्या यादीत, तो पक्षी नाही, तीही बातमीच आहे: अनुभवी माणसाने दोन तास घालवले आणि सापडला नाही, तर जाण्याआधी दोनदा विचार करा.

दुसरा प्रश्न, हा पक्षी थांबणारा आहे की पुढे जाणारा? बदकं आणि चिखलपक्षी एकदा खाणं मिळालं की त्याच पाण्यावर कित्येक दिवस, कधी कधी आठवडे राहतात. स्थलांतराच्या वाटेवरचा ससाणा दुपारपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात असतो. बदकासाठी पुढच्या रविवारी जाणं अगदी शहाणपणाचं आहे. ससाण्यासाठी त्याच दिवशी निघावं, नाहीतर सोडून द्यावं.

आता कवडीची सकाळ. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांनी उगवतो. पावणेसातला जागेवर असा. कडाक्याची थंडी असेल तर नदीवर धुकं बसतं आणि पाऊण-एक तास फक्त जवळचं दिसतं. हा वेळ काठावर उतरून वाया घालवू नका. धुक्यात पक्षी बरेच जवळ असतात. तुमची हालचाल त्यांना कळली की सगळा थवा मधल्या पाण्यात सरकतो आणि मग दिवसभर तिथेच राहतो. वरच थांबा आणि काठचे धोबी, तुतवार, शेकाटे बघून घ्या. धुकं उठलं की पहिली तीस-चाळीस मिनिटं सोन्याची. प्रकाश आडवा असतो, पाणी शांत असतं, माणसांची वर्दळ सुरू व्हायची असते. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. तो समोर असेल तर सगळी बदकं काळ्या आकृत्या होतात आणि डोक्याचा रंग, पंखावरचा पट्टा काही म्हणजे काही कळत नाही. वर धरणातून पाणी सोडलेलं असेल तर बंधाऱ्याचे खडक बुडतात आणि खडकांवर बसणारे पक्षी पांगतात. तशा दिवशी अपेक्षा कमी ठेवा.

वेगळं बदक एकटं शोधू नका. ते आपल्या आकाराच्या आणि सवयीच्या बदकांमध्ये मिसळतं. थापट्यांचा, तलवार बदकांचा, हळदीकुंकूंचा थवा पकडा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पक्षी मोजा. नुसती नजर फिरवली की डोळा ओळखीच्या आकारावरून घसरतो. मोजायला लागलं की प्रत्येक पक्ष्यावर थांबावंच लागतं. झोपलेल्या बदकांनी चोच पाठीत खुपसलेली असते, काही जलपर्णीच्या आड असतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी तोच थवा पुन्हा मोजायचा. संख्या बदलली तर कोणीतरी नवीन बाहेर आलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बरेच नर अजून मादीसारख्या फिक्या पिसाऱ्यात असतात, तेव्हा रंगावर न जाता चोचीचा आकार आणि उडताना दिसणारा पंखावरचा आरसा, म्हणजे चमकदार रंगाचा पट्टा बघा.

सासवड-जेजुरी-मोरगाव पट्ट्यातल्या माळावर धाविक (कोर्सर), पखुर्डी (सँडग्राउस) आणि भोवत्ये (हॅरियर) एकाच सकाळी बघायचे आहेत. क्रम कसा लावावा? (एक वाचक, सासवड)

पक्ष्यांच्या घड्याळाप्रमाणे. माळावर प्रत्येकाची वेळ ठरलेली असते आणि ती पाळली तर एक सकाळ पुरते.

उजाडण्याच्या अर्धा तास आधी खडकाळ, झुडपी उताराजवळच्या कच्च्या रस्त्यावर असा. रस्त्यावर रातवे बसलेले मिळतात. चित्र पखुर्डी पाण्यावर येते ती अंधार पडल्यावर किंवा उजाडण्याआधी, त्यामुळे तिचीही हीच वेळ. साध्या पखुर्डीचं उलट आहे. ती सूर्य वर आल्यावर, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, जोडीने किंवा लहान थव्याने पाणी प्यायला उतरते. वेगाने येते, थोडी दूर उतरते, मिनिटभर निश्चल राहते, मग पाण्याशी जाऊन काही सेकंदांत पिऊन उडते. म्हणून पाण्याच्या अगदी कडेला बसलात तर ती उतरतच नाही. साठ-सत्तर मीटर अंतर ठेवा, गाडीतच बसा. आधी तिचा दोन तुकड्यांतला घोगरा आवाज ऐकू येतो. तो ओळखता आला की वर बघायला वेळ मिळतो. पाणी कुठे आहे हे धनगरांना विचारा. कुठल्या खळग्यात अजून ओल आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

धाविकासाठी सात ते साडेआठ. उंच गवतात त्याला शोधणं म्हणजे वेळेची नासाडी; तो चरून बोडक्या झालेल्या माळावर, पडीक किंवा नुकत्याच नांगरलेल्या रानात असतो. त्याचा रंग ढेकळासारखा, त्यामुळे आकार शोधू नका, हालचाल शोधा. तो चार-पाच पावलं धावतो, ताठ थांबतो, वाकून किडा उचलतो, पुन्हा धावतो. माळाचा एक तुकडा दुर्बिणीत धरा आणि दुर्बीण न हलवता वीस सेकंद बघा. काही सरकलं नाही तर पुढचा तुकडा. सापडला की तांबूस डोकं, डोळ्यातून जाणारी काळी रेघ आणि तिच्यावरची मानेमागे जुळणारी पांढरी रेघ दिसेल. गाडीचं इंजिन बंद करा, आणि दार मात्र उघडू नका. गाडीला तो फारसा बुजत नाही, माणसाची उभी आकृती दिसली की लगेच चालू पडतो.

भोवत्ये सूर्योदयाच्या सुमारास रात्रीच्या गवतातल्या मुक्कामावरून उठतात आणि पुढचे दोन-तीन तास जमिनीपासून दोन-तीन मीटरवर तरंगत शिकार करतात. राखाडी नर दिसला तर पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध काळी रेघ आहे का बघा. असेल तर माँटेग्यूचा. रेघ नाही आणि पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर आहे, तर पॅलिड. तपकिरी माद्या आणि पिल्लांना घाईने नाव देऊ नका. चेहऱ्याचा फोटो नसेल तर "भोवत्या" एवढीच नोंद जास्त प्रामाणिक. संध्याकाळी त्यांच्या मुक्कामाच्या गवतात चालत जाणं पूर्ण टाळा.

साडेनऊनंतर जमिनीवरून वाफा दिसू लागतात आणि लांबचं सगळं थरथरतं. तेव्हा खाली बघणं सोडून वर बघा; गरम हवेवर गरुड आणि गिधाडं चढायला लागलेली असतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, तिथे आखलेली वाट सोडू नका. आणि कुठल्याच माळावर गाडी गवतात घालू नका. टिटव्या, चंडोल, धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, मार्चनंतर तर जास्तच.

शिवडीला सकाळी गेलो की कधी नुसता चिखल असतो, कधी नुसतं पाणी. भरतीचा हिशोब कसा करायचा? (एक वाचक, परळ)

पूर्ण ओहोटीला पक्षी किनाऱ्यापासून फार लांब असतात, पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उठून दुसरीकडे जातात. बघण्याची वेळ या दोन्हींच्या मधली: भरती पूर्ण होण्याआधीचे तीन तास. पाणी चढतं तसे पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात.

भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतंच, पण कोकणातला तिथीचा हिशोब अंदाजाला उत्तम आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. सकाळी सातच्या उजेडात पोचून पाणी चढताना बघायचं तर त्रयोदशी-चतुर्दशी गाठा. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जोरात चढतं, तेव्हा शेवटच्या तासात लक्ष जराही हलवू नका. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी कमी चढतं. तेव्हा पहाटेची भरती उतरत असताना, सात ते साडेआठच्या दरम्यान, जवळचा चिखल आधी उघडा पडतो आणि पहिले चिखलपक्षी तिथेच उतरतात.

शिवडीची अडचण वेगळीच आहे: किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. फ्लेमिंगो असेही ओळखू येतील, पण शेकडो छोट्या चिखलपक्ष्यांतून एक वेगळा निवडायचा असेल तर सकाळची शिवडी योग्य जागा नाही. खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईच्या काठावर उभं राहिलं की तोच सूर्य पाठीशी येतो. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, त्याही भरतीप्रमाणे. आधी वेळ विचारून घ्या. आणि पूर्ण भरतीला फ्लेमिंगो खाडी सोडून नेरूळच्या टी. एस. चाणक्य आणि एनआरआय पाणथळींवर येऊन बसतात, तेव्हा तिथे जा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. नेरूळच्या या छोट्या पाणथळी खाडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण भरतीत बसायला जागा नसेल तर ओहोटीतल्या खाण्याचा पक्ष्यांना उपयोग नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी लोणावळ्याच्या पठारावर तारेवर लाल पायांचे छोटे ससाणे बसलेले दिसले. खरुची असावेत का? (एक वाचक, पिंपरी)

लाल पाय म्हणता तर खरुची नाही. खरुचीचे, म्हणजे केस्ट्रेलचे पाय पिवळे आणि पाठ विटकरी असते. लाल-नारिंगी पाय, तशाच रंगाची चोचीच्या मुळाशी असलेली कातडी आणि डोळ्याभोवतीचं कडं, नर पाटीसारखा राखाडी आणि उडताना पंखाखाली पांढराशुभ्र: हा अमूर ससाणा. मादीचं पोट पांढरट, त्यावर गडद ठिपके आणि पट्टे.

पूर्व सायबेरिया आणि उत्तर चीनकडून हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतात, विशेषतः नागालँडमध्ये जमतात, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात. २०१३ मध्ये नागालँडच्या डोयांग जलाशयाजवळ काही पक्ष्यांना उपग्रह-टॅग लावले गेले, तेव्हा हा मार्ग स्पष्ट दिसला. समुद्रावर उडण्याआधी सह्याद्रीच्या माथ्यावर ते पंखवाल्या वाळव्या आणि चतुर पकडून पोट भरतात. म्हणून त्यांची बातमी संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी उजाडताना तिथे असा. रात्री ते झाडांवर मुक्काम करतात, हवा तापली की उठून जातात. त्याहून उशीर झाला तर जाऊ नका.

दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×४२? (एक वाचक, ठाणे)

पहाटेसाठी ८×४२. भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, म्हणजे ४२ भागिले ८, सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. १०×४२ मध्ये तो चार मिलिमीटरच्या थोडा वर. अंधुक उजेडात हा फरक जाणवतो, शिवाय आठपटीत हात कमी थरथरतो आणि दृश्य रुंद असल्यामुळे उडता पक्षी सापडतो. खिशातली ८×२५ पहाटे निकामी.

घेतल्यावर डाव्या-उजव्या डोळ्याचा फरक जुळवा. बरेच लोक हे करतच नाहीत आणि मग दुर्बिणीला नावं ठेवतात. पन्नास मीटरवरची पाटी धरा, उजवं भिंग हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. कडीवरची खूण लक्षात ठेवा, बॅगेत ती सरकते. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली करा. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) उजनीला आणि खाडीवर खरा कामाला येतो. तोही वीस-पंचवीसपटीवर सुरू करा. ऊन चढल्यावर चाळीसपटीच्या वर फक्त वाफा मोठ्या दिसतात.

माळावर सोशिएबल लॅपविंग ई-बर्डवर नोंदवली, तिथल्या परीक्षकांनी आणखी तपशील मागितला. फोटो लांबचा आहे. काय द्यावं? (एक वाचक, बारामती)

तपशील मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. ही टिटवी अतिसंकटग्रस्त आहे, तिची विणीची जागा मुख्यतः कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात. अशी नोंद पक्कीच हवी. आणि आपल्या माळावर तिच्याशी गल्लत होणारी पीतमुखी टिटवी जागोजाग आहे. तिच्याही डोक्यावर काळी टोपी आणि टोपीखाली पांढरी रेघ असते. तेव्हा पायांपासून सुरुवात करा: पीतमुखीचे पिवळे, सोशिएबलचे काळे. पीतमुखीच्या चोचीच्या मुळाशी पिवळी लोंबती कातडी असते, सोशिएबलला ती नाही. सोशिएबलची भुवई रुंद, मानेमागे इंग्रजी व्हीसारखी जुळणारी. उडताना सोशिएबलच्या पंखाची मागची आतली बाजू पांढरी आणि टोकं काळी दिसतात.

नोंदीत लिहायचं ते असं: शेजारी कोणता पक्षी होता आणि त्याच्या मानाने हा केवढा; पाय, चोच, डोकं; उडाला तेव्हा पंख कसा दिसला; किती अंतरावरून, किती वेळ पाहिला; कोणती जवळची जात वगळली आणि कशावरून. जे दिसलं नाही ते "दिसलं नाही" असंच लिहा, पुस्तकातलं वर्णन उतरवू नका. ते लगेच ओळखू येतं. फोटो कितीही धूसर असला तरी मूळ द्या. धार वाढवणारी काही सॉफ्टवेअर नसलेली पिसं काढून दाखवतात.

याच पत्रात मर्लिन ॲपने आवाजावरून नाव दिल्याचाही उल्लेख आहे. ते सुगावा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो, हरेवा तर एका बैठकीत अनेक पक्ष्यांच्या नकला करतो. आवाज रेकॉर्ड करा, यादीला जोडा, आणि तो काढणारा पक्षी डोळ्यांनी बघा.

शृंगी घुबडाची जागा गटावर टाकावी का? (एक वाचक, भोर)

नाही. थंडीतच त्यांची वीण चालते, अंडी ओढ्याच्या काठच्या दरडीवर, उघड्या मातीत असतात. मादी उठली की ऊब जाते आणि कावळे टपलेले असतात. यादीत नोंद करा, पण त्या जागेचं वेगळं नाव देऊ नका, जवळच्या गावाचं द्या, आणि यादी काही महिन्यांनी उघड करा. आवाज वाजवून त्याला बोलावणं तर नकोच.

भिगवणला डिसेंबरमध्ये गेलो, फ्लेमिंगो नव्हते. (एक वाचक, सोलापूर)

उजनी भरलेली होती का ते आधी बघा. फ्लेमिंगोंना उथळ पाणी आणि चिखल लागतो. चांगल्या पावसाच्या वर्षी धरणाचं पाणी उशिरा ओसरतं, काठ उशिरा उघडे पडतात, आणि फ्लेमिंगोही उशिरा, जानेवारी-फेब्रुवारीकडे येतात. कमी पावसाच्या वर्षी नोव्हेंबरअखेरही दिसू शकतात. निघण्याआधी कुंभारगावच्या नावाड्यांना फोन करून पाण्याची पातळी विचारा, "पक्षी आहेत का" हा प्रश्न त्यानंतर. पट्टकादंबांसाठी पहाटेची पहिली फेरी घ्या, ते रात्री शेतात चरून पाण्यावर परतलेले असतात. थवा दिसला की नावाड्याला इंजिन लांबूनच बंद करायला सांगा आणि वल्ह्यावर जा. पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथेच थांबायचं, फोटोसाठी थवा उडवायला सांगायचं नाही. नावाडी गिऱ्हाईक खूश करायला तसं करतात, तुम्ही आधीच नको म्हटलं तर त्यांनाही बरं वाटतं.